कळसूबाईची अट

सुटीच्या दिवसांत मुंबई-पुण्याहून जीं कुटुंबें भंडारदऱ्यास येतात, त्यांपैकीं पुष्कळ जण भल्या पहाटे बारी गांव गांठून कळसूबाईचें शिखर चढतात आणि दिवस मावळण्यापूर्वीं खालीं उतरतात. १६४६ मीटर, म्हणजे सुमारें ५४०० फूट उंचीचें हें महाराष्ट्रांतील सर्वोच्च शिखर. ज्या डोंगरावर ही मंडळी हौसेनें चढतात, त्याच डोंगरावर एक मोलकरीण घरकाम टाकून निघून गेली, असें परंपरा सांगते.

१८८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्यें ही आख्यायिका नोंदलेली आहे. कळसू नांवाची एक कोळी मुलगी पायथ्याच्या इंदोरे गांवीं एका कुणब्याच्या घरीं चाकरीस राहिली. भांडीं घासणार नाहीं आणि केर काढणार नाहीं, एवढी तिची अट होती. पुढें एके दिवशीं घरीं पाहुणे आले आणि अट विसरून हीं दोन्ही कामें तिलाच सांगण्यांत आलीं. तिनें तीं निमूटपणें उरकलीं. मात्र लगेच ती डोंगर चढून गेली आणि मरेपर्यंत तेथेंच राहिली. जेथें तिनें भांडीं घासलीं ती जागा थाळेमेळ, आणि जेथें केर काढला ती कचरमाळ.

आख्यायिका म्हणजे ऐतिहासिक पुरावा नव्हे, हें खरें. तथापि ती पिढ्यान् पिढ्या सांगणाऱ्या समाजाला काय मोलाचें वाटत होतें, याची साक्ष तींत असते. शेजारच्या रतनगड, अलंग, कुलंग या माथ्यांवर सत्ताधीशांनीं किल्ले उभारले. येथें मात्र तट नाहीं, बुरूज नाहीं. सर्वांत उंच माथ्यावर आहे तें एक लहानसें देऊळ, आणि तें दिलेला शब्द न पाळणाऱ्या घराकडे पाठ फिरविणाऱ्या मुलीचें. नवरात्रांत भोंवतालच्या खेड्यांतील लोक तेथें यात्रेस जातात.

शहरी पाहुणा या बाजूस आला तो बराच उशिरां. १८६५ मध्यें थळ घाटांतून रेल्वे इगतपुरीपर्यंत पोंचली. १९१० च्या सुमारास प्रवरेवर भंडारदऱ्याच्या धरणाचें काम सुरू होऊन तें १९२६ मध्यें पुरें झालें. धरण बांधलें तें खालच्या प्रदेशांतील शेतीसाठीं. पण त्या विस्तीर्ण जलाशयामुळें भंडारदरा हवा खाण्याचें ठिकाणही झालें. पूर्वीं कळसूबाईच्या अवघड कड्यांवर साखळ्यांचा आधार घ्यावा लागे. पुढें लोखंडी शिड्या बसल्या आणि घरांतील मुलेंबाळेंही शिखरावर जाऊं लागलीं. १९८६ मध्यें हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून घोषित झाला.

बारीहून माथा गांठण्यास सुमारें तीन तास लागतात. आकाश निरभ्र असेल तर दक्षिणेस धरणाचें पाणी व रतनगड, पश्चिमेस अलंग, मदन, कुलंग हे जोडदुर्ग आणि उत्तरेस त्र्यंबकची रांग दिसते. तो देखावा पाहून प्रवासी तृप्त मनानें परततो; पण त्याच्या फराळाचे कागद व रिकाम्या बाटल्या मागें राहिल्या, तर त्या उचलण्याचें काम दुसऱ्या कुणाच्या तरी वांट्यास येतें, आणि तो दुसरा बहुधा पायथ्याच्या गांवचाच असतो. ज्या कामासाठीं कळसूनें घर सोडलें, तेंच हें काम. भरलेली शिदोरी जर वर नेतां येते, तर रिकामी खालीं आणणें कांहीं अवघड नाहीं. कचरमाळ या नांवाची एक जागा त्या डोंगराला पुरे आहे.