दिल्ली जंक्शन : तटबंदीच्या आत आलेला लोहमार्ग

महाराष्ट्रातून दिल्लीला येणारा प्रवासी बहुधा नवी दिल्ली किंवा हजरत निजामुद्दीन स्थानकावर उतरतो. राजधानीचे मूळ रेल्वे स्थानक मात्र या दोन्हींहून जुने असून ते चांदणी चौक आणि काश्मिरी गेट यांच्या दरम्यान, शाहजहानाबादच्या अगदी मध्यभागी आहे. रेल्वेच्या दप्तरी त्याचे नाव 'दिल्ली जंक्शन' असे असले, तरी लोकांच्या तोंडी ते 'पुरानी दिल्ली' असेच रूढ आहे.

एवढ्या दाट वस्तीत स्थानक आले कसे, याचे उत्तर १८५७ च्या उठावानंतरच्या घडामोडींत सापडते. उठाव मोडून काढल्यावर लाल किल्ल्यात ब्रिटिश फौजेचा तळ पडला आणि किल्ल्याभोवतालची वस्ती पाडण्यात आली. त्यापाठोपाठ ईस्ट इंडियन रेल्वेचा कलकत्त्याहून येणारा मार्ग थेट तटबंदीच्या आत आणण्यात आला. यमुना ओलांडून हा मार्ग सलीमगडातून आणि लाल किल्ल्याच्या उत्तर टोकाजवळून शहरात शिरतो. सलीमगड व लाल किल्ला यांना जोडणारा जहांगीरच्या काळातील जुना पूल त्यासाठी पाडण्यात आला. २००७ मध्ये युनेस्कोने लाल किल्ला संकुलाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात सलीमगडाचाही समावेश आहे. त्यातून गाड्या आजही जातात.

शहराच्या आत कलकत्ता दरवाजापासून काबुली दरवाजापर्यंतचा पट्टा मोकळा करण्यात आला. कवी मिर्झा गालिब यांनी तेव्हा आपल्या स्नेह्यांना लिहिलेल्या पत्रांत या 'लोखंडी सडके'चा उल्लेख आहे. पंजाबी कटरा, धोबीवाडा, रामजी गंज अशी नाहीशा झालेल्या मोहल्ल्यांची नावे ते एकामागून एक सांगतात. लोहमार्गासाठी दिल्लीने काय गमावले, याची इतकी नेमकी नोंद दुसरीकडे क्वचितच आढळेल.

असे असले तरी दिल्लीकरांना रेल्वे नको होती, असे म्हणता येणार नाही. मुख्य मार्ग मेरठवरून नेण्याचा विचार पुढे आला, तेव्हा शहरातील सावकार आणि व्यापाऱ्यांनीच सरकारकडे अर्ज करून त्यास विरोध दर्शविला होता. रेल्वे गेली की व्यापारही जाईल, ही त्यांची भीती होती आणि ती अनाठायी नव्हती.

यमुनेवरील दुमजली लोखंडी पुलाचे काम १८६६ मध्ये पूर्ण झाले. प्रत्येकी सुमारे २०२ फुटांचे १२ गाळे असलेल्या या पुलाच्या वरच्या मजल्यावरून रेल्वे आणि खालून रस्त्यावरील वाहतूक अशी त्याची रचना आहे. १८६७ च्या प्रारंभी शहरात गाडी आली. आरंभी एकेरी असलेला हा मार्ग १९१३ मध्ये दुहेरी करण्यात आला.

दिल्ली खऱ्या अर्थाने 'जंक्शन' झाली ती त्यानंतरच्या चार दशकांत. १८७३ मध्ये रेवाडीकडे मीटरगेज मार्ग सुरू झाला. १८९१ मध्ये अंबाल्यामार्गे कालका जोडले गेल्याने उन्हाळी राजधानी सिमल्याची वाट सुकर झाली. हावड्याहून येणारी मेल गाडी तेव्हापासून कालक्यापर्यंत धावू लागली; २०२१ मध्ये तिचे 'नेताजी एक्सप्रेस' असे नामकरण झाले. १८९७ मध्ये भटिंड्याकडील मार्ग खुला झाला, तर १९०४ मध्ये आग्रा–दिल्ली मार्गामुळे मुंबईहून येणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला दिल्लीची सरळ वाट मिळाली. याच सुमारास, १९०३ मध्ये, लाल किल्ल्याच्या बुरुजांची आठवण करून देणारी स्थानकाची सध्याची इमारत खुली झाली होती.

स्थानकाला विस्तारण्यासाठी जागा मात्र उरली नव्हती. १९११ मध्ये राजधानी दिल्लीला हलविण्याची घोषणा झाल्यावर नव्या शहरासाठी आग्र्याचा मार्ग सरकवावा लागला. अजमेरी गेट आणि पहाडगंज यांच्यामध्ये प्रारंभी एकाच फलाटाचे स्थानक उभे राहिले. तेच पुढे नवी दिल्ली स्थानक झाले. महत्त्वाच्या गाड्या कालांतराने तिकडे वळल्या, आणि जुने स्थानक मुख्यत्वे पंजाब, हरियाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेशच्या प्रवाशांचे राहिले. फाळणीच्या वेळी, १९४७ मध्ये, पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी दिल्लीत पाऊल ठेवले ते मोठ्या संख्येने येथेच.

लाहोरला जोडणाऱ्या समझोता एक्सप्रेसची अटारीपर्यंतची गाडीही येथूनच सुटत असे. १८ फेब्रुवारी २००७ च्या रात्री दिल्ली सोडल्यानंतर पानिपतजवळ तिच्या डब्यांत झालेल्या बॉम्बस्फोटांत ६८ जण मृत्युमुखी पडले. ऑगस्ट २०१९ पासून ही सेवा बंद आहे.

रेवाडी मार्गाचे १९९० च्या दशकात रुंदीकरण सुरू झाले आणि या स्थानकातील मीटरगेजचे पर्व मागे पडले. २००५ मध्ये मेट्रोचे चांदणी चौक स्थानक सुरू झाल्यापासून येथे पोहोचणे सोपे झाले आहे.

यमुनेवरील जुन्या पुलाला आणखी एक काम आहे. दिल्लीतील पुराची पातळी याच पुलापाशी मोजली जाते. धोक्याची खूण २०५.३३ मीटरवर आहे. १९७८ मध्ये नदीने येथे २०७.४९ मीटरची पातळी गाठली होती. जुलै २०२३ मध्ये पाणी २०८.६६ मीटरपर्यंत चढले, तेव्हा पुलावरील रेल्वे वाहतूक काही काळ थांबवावी लागली.