खडकलाटच्या सुलोचनाबाई

सुलोचना हे नाव उच्चारले की प्रथम एक घोटाळा दूर करावा लागतो. मूकपटांच्या काळी ज्यांच्या नावाचा बोलबाला झाला त्या सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. लावणीगायनाने घराघरात पोचलेल्या सुलोचना चव्हाण त्या निराळ्या. आणि आम्हांस ज्यांच्याविषयी लिहावयाचे आहे त्या सुलोचना लाटकर, चित्रव्यवसायातील लहानथोरांच्या 'दीदी', यांचा जन्म ३० जुलै १९२८ रोजी निपाणीनजीकच्या खडकलाट गावी झाला.

आम्ही पडलो वकील. माणसाआधी कागद पाहण्याची खोड जात नाही. त्या वेळी खडकलाट बेळगाव जिल्ह्यात आणि बेळगाव मुंबई इलाख्यात होते. राज्य पुनर्रचनेचा कायदा १ नोव्हेंबर १९५६ रोजी अमलात आला आणि चंदगड तालुका तेवढा वगळून सारा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. खडकलाट गेले, तसे आमचे खानापूरही गेले. पुढे १९६७ साली महाजन आयोगाने निपाणी व खानापूर महाराष्ट्रास द्यावे असे सुचविले. ती सूचना कागदावरच राहिली. कायद्याच्या परिभाषेत अधिवास हा माणसाने स्वतः बदलावयाचा असतो. सीमाभागात मात्र माणूस जागचा हलत नाही आणि त्याचे राज्य बदलते. सुलोचनाबाई त्यापूर्वीच गाव सोडून गेल्या होत्या, इतकेच.

त्या गेल्या प्रथम कोल्हापुरास. १९४३च्या सुमारास मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये त्या किरकोळ कामे करू लागल्या. कोवळ्या वयाच्या लता मंगेशकरही त्या वेळी त्याच संस्थेत होत्या. तेथून त्या भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत आल्या आणि त्यांचे खरे शिक्षण तेथेच झाले. 'सुलोचना' हे नाव भालजींनीच ठेवलेले. खेड्यातून आलेल्या त्या मुलीच्या बोलण्यास गावाकडचे वळण होते. वाणी स्वच्छ व्हावी म्हणून तिच्याकडून कसून मेहनत करून घेण्यात आली. १९४८ साली गांधीवधानंतर उसळलेल्या जाळपोळीत हा स्टुडिओ भस्मसात झाला आणि 'मीठभाकर' चित्रपट त्यात जळाला. भालजींनी तो पुन्हा उभा केला व १९४९ साली पडद्यावर आणला. इतके होऊनही ज्या माणसाने कॅमेरा खाली ठेवला नाही, त्याच्या हाताखाली तयार झालेल्या नटीस पुढे कष्टाचे भय वाटले नाही, यात नवल ते काय!

१९५३ सालच्या 'वहिनींच्या बांगड्या' या चित्रपटाने त्या महाराष्ट्राच्या वहिनी झाल्या. कथा य. गो. जोशी यांची, घर मध्यमवर्गीय. खडकलाटच्या मुलीने त्या घरातील सोशिक, मायाळू गृहिणी अशी वठविली की प्रेक्षकांस ती आपल्याच माजघरातील वाटली.

यानंतर जे घडले त्याकडे आम्ही अधिक बारकाईने पाहावे असे म्हणतो. १९५९ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, हिंदी पडद्याने त्यांच्या पदरी थोराड लेकरे घातली. 'दिल देके देखो'मधील त्यांचे चिरंजीव शम्मी कपूर यांचा जन्म १९३१ सालचा, म्हणजे आईहून ते तीनच वर्षांनी लहान. १९६३च्या 'मोलकरीण'मध्ये पोटच्या मुलाच्या घरी ओळख लपवून धुणीभांडी करणारी आई त्यांनी साकारली. तो मुलगा झालेले रमेश देव त्यांच्याहून सहाच महिन्यांनी धाकटे. 'जॉनी मेरा नाम'ने (१९७०) तर कमाल केली. त्यात देव आनंद व प्राण हे त्यांचे पुत्र, आणि जन्मसाले अनुक्रमे १९२३ व १९२०! कोर्टात अशी वंशावळ कोणी दाखल केली असती तर ती पहिल्याच तारखेस फेटाळली गेली असती. पडद्याने ती दाखल करून घेतली, आणि आम्ही प्रेक्षकांनीही डोळे पुसत ती मान्य केली. देव आनंद मात्र पुढेही कित्येक वर्षे नायकच राहिले. आईच्या भूमिकेस आपण देव्हाऱ्यात बसवितो खरे. परंतु तिशीतल्या बाईस त्या देव्हाऱ्याखेरीज दुसरी जागा कोणी देऊ केली नाही, हेही सांगितले पाहिजे.

तरीही त्याच १९५९ साली त्यांना एक भूमिका अशी लाभली की जिच्यापुढे वयाचा हिशेब फिका पडतो. बिमल रॉय यांच्या 'सुजाता'तील चारू ती हीच. या चित्रात नूतन, शशिकला, ललिता पवार आणि सुलोचना अशा चौघी मराठी नट्या एकत्र आल्या. अस्पृश्य मानलेल्या जातीतील एक पोरके मूल चारूच्या घरी वाढते. चारू दुष्ट नाही. ती त्या मुलीस खाऊपिऊ घालते, आजारपणात काळजी वाहते, मात्र लोकांस ओळख करून देताना ही 'मुलगी' असे न म्हणता 'मुलीसारखी' असे म्हणते. अंतर काय ते त्या एका प्रत्ययाचे! पुढे अपघातात चारूस रक्ताची गरज लागते, आणि जुळते ते सुजाताचेच.

देवळाच्या पायऱ्या रोज चढणाऱ्या आम्हां मंडळींस ही चारू परकी वाटत नाही, आणि बोचते ती याचसाठी. कडाडून बोलणारी खाष्ट सासू दाखविली असती तर आम्ही तिला हसून घरी गेलो असतो. सुलोचनाबाईंनी तिला दिला तोच मायाळू चेहरा, जो 'वहिनीं'स दिला होता. मायेच्या आत मावणारे अंतर केवढे असू शकते, हे त्या चेहऱ्यामुळेच पटते. जिजाऊंच्या भूमिकेचे कौतुक सर्वत्र होते, आणि १९६४च्या 'मराठा तितुका मेळवावा'मध्ये त्या शोभल्याही राजमातेसारख्या. त्याचे संगीत 'आनंदघन' या नावाने लताबाईंनीच दिले, प्रफुल्लमधल्या दोघी मुली अशा पुन्हा एकत्र आल्या. पण आमचे मत विचाराल तर जिजाऊपेक्षा चारू कठीण. वीरमातेच्या मागे सगळा इतिहास उभा असतो. चारूच्या मागे उभे असतो आपण.

भारत सरकारने १९९९ साली त्यांना पद्मश्री दिली. महाराष्ट्र शासनाचा 'महाराष्ट्र भूषण' हा सर्वोच्च सन्मान २००९ सालचा. ४ जून २०२३ रोजी, वयाच्या ९४व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दादरच्या शिवाजी पार्क स्मशानभूमीत शासकीय इतमामाने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. इतमाम महाराष्ट्राचा होता. जन्मगाव कर्नाटकात आहे.