तीन फुटांचे अंतर : कुर्डुवाडी स्थानकाविषयी

साहित्याच्या वर्गात रेल्वे स्थानक आले की आपण त्याचे लगेच प्रतीक करतो. निरोप, प्रतीक्षा, परात्मता असे शब्द फळ्यावर पडतात. आम्हीही वर्षानुवर्षे तेच करीत आलो आहोत. परंतु स्थानक ही आधी एक ऐतिहासिक घटना असते. ते तिथेच का उभे राहिले, त्यावर कोणाचे पोट चालले, हे न विचारता केलेला प्रतीकाचा अर्थ अधांतरीच राहतो. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील कुर्डुवाडीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा पुण्याकडून सोलापूरला जाणारा लोहमार्ग १८५९ मध्ये येथवर पोहोचला. स्थानकाला नाव मिळाले 'बार्शी रोड'. रेल्वेच्या परिभाषेत 'रोड' हा प्रत्यय मोठा बोलका आहे. गाव येथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता येथे आहे, एवढेच तो सांगतो. बार्शी ही कापसाची नामांकित पेठ, पण लोहमार्ग तिला बाजूला टाकून गेला होता. तिचा माल बैलगाड्यांनी स्थानकापर्यंत येई. कुर्डू गावाजवळच्या या वाडीला तिच्या पहिल्या ओळखीत स्वतःचे नावही नव्हते.

वाडीचे भाग्य पालटले ते १८९७ मध्ये. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी रोड ते बार्शी अशी सुमारे ३५ किलोमीटरची अरुंद रेल्वे सुरू केली. दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. डब्यांचे वजन सर्व आसांवर सारखे वाटले आणि कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू दिला नाही, तर हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हा त्याचा सिद्धान्त होता. बार्शी लाईट रेल्वेने तो खरा करून दाखविला. पुढे १९०४ मध्ये इंग्लंडातील लीक आणि मॅनिफोल्ड रेल्वे त्याच मापाची झाली आणि तिचा अभियंताही कॅलथ्रॉपच होता. वसाहतीत आधी सिद्ध झालेली गोष्ट मायदेशी गेली. ज्ञान नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडेच आले, या आपल्या ठरीव समजुतीला हा लहानसा छेद आहे.

१९०६ मध्ये हा मार्ग पंढरपूरला, १९११ मध्ये निजामाच्या राज्यातील लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर झाली. आषाढी-कार्तिकीला मुंबई-पुण्याकडून रेल्वेने येणारा वारकरी येथे मोठ्या गाडीतून उतरे आणि लहान गाडीत बसे. दोन राज्यव्यवस्थांमधला व्यापार आणि विठ्ठलाची वाट, दोन्ही एकाच फलाटावर भेटत.

या भेटीचे कारण मात्र भक्तीत नव्हते, मापात होते. मुख्य मार्ग साडेपाच फुटांचा, बार्शी लाईट अडीच फुटांची. या तीन फुटांच्या फरकामुळे एकही वाघीण सरळ पुढे जाऊ शकत नसे. पोते न् पोते एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवावे लागे. प्रवाशाला थांबणे भाग पडे, आणि थांबलेल्या माणसाला चहा, जेवण, निवारा हवाच. त्यावर हमाल जगले, फेरीवाले जगले. लहान इंजिनांच्या दुरुस्तीसाठी कारखाना आला, त्याबरोबर कामगारांची वस्ती आली. अभियंत्याच्या दृष्टीने जी गैरसोय, तीच या गावाची उपजीविका होती.

१९५४ मध्ये सरकारने ही कंपनी विकत घेतली. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात एकेक मार्ग रुंद झाला. २००८ मध्ये लातूरकडची बाजू उस्मानाबादमार्गे (२०२३ पासून धाराशिव) ब्रॉडगेजने जोडली गेली. कारखाना मोठ्या वाघिणींच्या दुरुस्तीकडे वळला. लातूरचा प्रवासी आता गाडी न बदलता मुंबईला जातो. ही सोय खरी आहे, तिच्याविषयी हळहळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पूर्वीच्या गाडीची संथ गती दुरून रम्य वाटते, पण रोजचा प्रवास करणाऱ्याला ती रम्य नव्हती.

तरीही एक प्रश्न उरतो. कंपनीचे भांडवल, रुळांचे माप, इंजिनांचे प्रकार यांची नोंद झाली आहे. देशोदेशीचे रेल्वेप्रेमी ती आवडीने वाचतात. परंतु ते तीन फुटांचे अंतर ज्यांनी पाठीवरून वाहून नेले, त्यांची नोंद कोणी केली? त्यांचे शब्द, मोजण्याच्या पद्धती, यात्रेच्या दिवसांच्या आठवणी, हे सारे मराठीतच होते आणि बहुतांशी बोलण्यातच राहिले. अरुंद गाडीवर काम केलेली पिढी आता वृद्ध झाली आहे.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही प्रबंधासाठी कादंबऱ्यांतील स्थानके शोधायला सांगतो. त्याआधी एक दिवस त्यांनी कुर्डुवाडीच्या फलाटावर उतरून एखाद्या जुन्या माणसाशी बोलावे, असे आता वाटते. प्रतीकांचा विचार परतीच्या गाडीतही करता येईल.