जळगाव-धुळ्यातून सिनेमॅटोग्राफर व्हायचंय? मग आधी ग्रॅज्युएशन पूर्ण करा

एप्रिल-मेची लग्नसराई लागली की जळगाव-धुळ्यात कॅमेरा धरता येणाऱ्या पोरांना उसंत नसते. हळद, वरात, प्री-वेडिंग आणि मधल्या तारखांना अहिराणी गाण्यांचं शूट. ‘हाई झुमका वाली पोर’ यूट्यूबवर गाजल्यापासून अहिराणी गाणं म्हणजे गावापुरती हौस राहिलेली नाही. त्यामुळे बारावी झाली की कॉलेजला रामराम ठोकून थेट यात उतरणारे बरेच आहेत. कमाई लगेच सुरू होते. पण एक दार बंद होतं आणि ते बंद झाल्याचं चार-पाच वर्षांनी लक्षात येतं.

ते दार म्हणजे पुण्याची एफटीआयआय.

1960 साली प्रभात स्टुडिओच्या जागेवर सुरू झालेल्या या सरकारी संस्थेत सिनेमॅटोग्राफीचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि त्याआधी कोणत्याही शाखेची पदवी लागते. कोणत्याही म्हणजे बीए, बीकॉम, बीएस्सी, काहीही. गुणवत्ता असून हातात पदवी नाही, तर फॉर्मच भरता येत नाही. लग्नाची कामं सोडून रोज कॉलेजला बसणं परवडत नसेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बाहेरून पदवी घेता येते. कोलकात्याच्या सत्यजित रे संस्थेतही हाच विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवतात. एफटीआयआयला 2025 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, त्यामुळे परीक्षेचं स्वरूप आणि फी एखाद्या जुन्या रीलवर विश्वास न ठेवता संस्थेच्या संकेतस्थळावरच बघा.

तिथून निघालेली दोन नावं मराठी प्रेक्षकाला ओळखीची आहेत. ‘सैराट’ शूट करणारे सुधाकर रेड्डी यक्कंटी आणि ‘मसान’चे अविनाश अरुण. दोघंही पुढे दिग्दर्शक झाले. सुधाकर यांनी ‘नाळ’ केला. अविनाश यांनी ‘किल्ला’ दिग्दर्शित केला आणि शूटही स्वतःच केला. 2014 मध्ये बर्लिन महोत्सवाच्या बालचित्रपट विभागात त्याला क्रिस्टल बेअर मिळालं.

शिकवतात काय?

कॅमेऱ्याची बटणं तर यूट्यूबवरही कळतात. सिनेमॅटोग्राफरचं खरं काम उजेडाचं असतं. जळगावच्या दुपारचंच उदाहरण घ्या. सिनेमा साधारण 24 फ्रेमवर आणि 1/50 शटरवर शूट होतो. आयएसओ 800 ठेवला, तर मे महिन्याच्या उन्हात लेन्स एफ 16 पर्यंत बंद करूनही चार स्टॉप जास्त उजेड येतो, म्हणजे हवा त्याच्या सोळापट. नवरदेवाचा पांढरा फेटा नुसता पांढरा डाग होऊन जातो. शटर वाढवलं तर हालचाल तुटक दिसते. म्हणून लेन्सपुढे एनडी फिल्टर लागतो. शिवाय ऊन डोक्यावर असल्याने डोळ्यांखाली काळी सावली पडते. ती घालवायला वरून स्किमर ताणायचा की खालून थर्माकोलने उजेड मारायचा, हा निर्णय सिनेमॅटोग्राफरचा. तो का घेतला हे दिग्दर्शकाला सांगता यावं लागतं. शाळेत तेच घोटून घेतात, आणि चुकायला वेळही मिळतो. लग्नात सप्तपदीचा रीटेक नसतो.

उजेडाचा हा अभ्यास खानदेशाला नवा नाही. चाळीसगाव स्टेशनजवळच्या बंगल्यात आयुष्याचा मोठा काळ जवळपास एकांतात काढलेले छायाचित्रकार केकी मूस (1912–1989) टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, त्यावर हवा तसा उजेड पाडून अख्खा निसर्गदेखावा उभा करायचे. तो बंगला आता कलादालन आहे. कॅमेरा विकत घेण्याआधी एकदा तिथे जाऊन याच.

आणि साधनं नाहीत ही सबब धुळ्याहून तासाभरावरच्या मालेगावने केव्हाच मोडून काढली आहे. तिथल्या सिनेवेड्यांनी सायकलची ट्रॉली केली, बैलगाडीची क्रेन केली. ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात ते सगळं दिसतं.

काम कुठे मिळतं?

डीओपी म्हणून कुणी पहिल्या दिवशी उभं राहत नाही. सेटवर कॅमेरा अटेंडंट असतो, लेन्स आणि सामान सांभाळतो. मग सहायक. त्यातला फोकस पुलर हा सगळ्यात जबाबदारीचा, कारण नटाचा चेहरा धूसर झाला तर टेक वाया. पुढे कॅमेरा ऑपरेटर आणि शेवटी डीओपी. शाळेत न जाता या शिडीने वर गेलेलेही आहेत. त्यासाठी मुंबईत राहावं लागतं आणि सुरुवातीची वर्षं तंगीची जातात. घरी हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. मुंबईत या कामाची संघटना आहे, वेस्टर्न इंडिया सिनेमॅटोग्राफर्स असोसिएशन. मुलींनी इंडियन विमेन सिनेमॅटोग्राफर्स कलेक्टिव्ह हे नावही लक्षात ठेवावं.

सगळ्यांनाच मुंबई गाठायची नसते. जाहिराती, माहितीपट, न्यूज चॅनेल, कंपन्यांचे व्हिडिओ ही कामं आहेतच. कलर ग्रेडिंग तर जळगावात बसूनही शिकता येतं, डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती मिळते. जवळच शिकायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या एमजीएम विद्यापीठात फिल्म आर्ट्सचा विभाग आहे. एफटीआयआय लहान मुदतीचे कोर्सही घेते. आधी तो करून बघा, मग मोठी फी भरायची की नाही ते ठरवा.

खासगी संस्थेत पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: किती विद्यार्थ्यांमागे एक कॅमेरा, प्रत्येकाला स्वतःची किती शूट करायला मिळतात आणि मागच्या बॅचची फिल्म दाखवाल का. फिल्म दाखवायला टाळाटाळ झाली तर उठून या.

ड्रोनवाल्यांसाठी वेगळं. 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर डीजीसीएच्या नियमांनुसार रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. जळगावात विमानतळ आहे, त्यामुळे शहराजवळच्या लग्नात ड्रोन वर सोडण्याआधी ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर तो भाग लाल किंवा पिवळ्या झोनमध्ये येतो का, हे तपासावं लागतं.