मांजरेच्या डोहातील गळ

हैदराबाद शहराला १९६५ पासून जिचे पाणी मिळू लागले, ती मांजरा नदी बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि मराठी, कानडी व तेलुगू अशा तीन भाषांच्या मुलखातून वाहत जाऊन गोदावरीस मिळते. या खोऱ्यातील डोहांत राहणाऱ्या एका मोठ्या माशाला आपण शिवडा म्हणतो. तेलुगू लोक वालुगा म्हणतात. अंगावर खवले नाहीत, तोंडाशी लांब मिशा, जबडा डोळ्यांच्याही मागे फाटलेला आणि त्यात बारीक दातांच्या दाट रांगा. अमरकोशाने ‘पाठीन’ या माशाला ‘सहस्रदंष्ट्र’ असा पर्याय दिला आहे. पाठीन म्हणजे हाच मासा, असे अभ्यासक मानतात. हे नाव देणाऱ्याने त्याचे तोंड जवळून पाहिले असले पाहिजे!

शिवडा रात्री भक्ष्य शोधतो. म्हणून त्याला धरण्याची रीतही रात्रीचीच. डोहात जाड दोरी आडवी ताणावयाची, गळ एकमेकांत अडकणार नाहीत इतक्या अंतरावर तिला आखूड दोऱ्या बांधावयाच्या, प्रत्येक गळास बेडूक किंवा लहानसा जिवंत मासा लावावयाचा, आणि सायंकाळी पाण्यात सोडलेली ही दोरी पहाटे उचलून पाहावयाची.

या मुलखात गळाविषयी लिहिले ते मात्र राजाने. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेले कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी. तेथील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, सुमारे ११३० मध्ये, मत्स्यविनोदाचे प्रकरण आले. मराठी वाचक हा ग्रंथ ओवीच्या जुन्या उल्लेखासाठी ओळखतो. माशांच्या पानांकडे तो सहसा वळत नाही. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. खवल्यांचे मासे वेगळे, कातडीचे वेगळे, कोणास कोणते खाद्य घालावे, हे सर्व त्यात आहे. पण तो राजाचा खेळ. पोटासाठी रात्रभर पाण्यात राहणारी अनेक गळांची दोरी हा राजविनोदाचा विषय नव्हे.

भोयांची व कोळ्यांची विद्या ग्रंथांत शिरली ती केवळ शब्दरूपाने. विशाखापट्टणमला रसेलने माशांची तेलुगू नावे टिपली आणि १८०३ मध्ये छापली. त्यांतील वालुगापासून १८५१ मध्ये ब्लीकर या डच शास्त्रज्ञाने ‘वलागो’ हे कुलनाम घडविले. मुंबई सैन्यातील साइक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतील शिवड्याच्या एका जातभाईला ‘सीनघाला’ म्हटले. तो आपला शिंगाळा. ही नावे ज्यांच्या तोंडून ऐकली, त्या मासेमारांची नावे शास्त्राच्या पुस्तकांना ठाऊक नाहीत.

पावसाळ्यात पुराच्या पाण्याबरोबर वर चढून अंडी घालणे हा शिवड्याचा स्वभाव. मांजरेवर १९३१ मध्ये निजामसागर पुरा झाला, पुढे आणखी बांध आले. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत हा मासा आज संकटग्रस्तांच्या वर्गात आहे. दोरी कोणत्या डोहात, कोणत्या दगडाला बांधावी, हे मात्र अद्याप त्या काठच्या वृद्ध मासेमारांनाच विचारावे लागते.