माळवदाचे घर आणि अर्धशिशी

लातूर, औसा, निलंगा आणि तिकडे कंधार-मुखेडपर्यंतच्या मुलखात माळवदाचे घर हे पाटील-देशमुखांपासून बेताच्या कुणब्यापर्यंत सर्वांचे घर होते. काळ्या दगडाच्या दुपदरी भिंती, त्यांच्या पोटात दगडगोटे आणि चिखल यांची भर, आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्यांची तक्तपोशी, आणि त्या तक्तपोशीवर पाऊस तोंडावर आला की नवी भर घालून चोपलेली पांढरी माती, जिचा थर पिढ्या उलटत गेल्या तसतसा दीड-दोन फुटांवर जाऊन पोहोचत असे. वैशाखातही हे घर गार राहते, ही त्याची ख्याती सर्वश्रुत आहे. परंतु बाहेरचा कोलाहल आणि बाहेरचा उजेड या दोहोंनाही ते उंबरठ्याबाहेर थोपवून धरीत असे, हा त्याचा दुसरा गुण तितकासा बोलला जात नाही. मला तो अधिक मोलाचा वाटतो.

अर्धशिशीचे दुखणे ज्यांच्या वाट्याला आले आहे त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही. कपाळाची एक बाजू ठणकू लागली, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, की त्या माणसाला माजघराच्या मागच्या, धान्याच्या बळदालगतच्या खोलीत नेऊन निजवीत. तिथे छतातल्या साण्यातून उतरेल तेवढाच प्रकाश, आणि तोही झाकण सारून बंद करता येई. सहाणेवर सुंठ उगाळून कपाळावर लेप घालीत, वरून फडके करकचून बांधीत, नाकात तुपाचे दोन थेंब सोडीत. कित्येक घरांत दिवस उगवण्यापूर्वी दूध-जिलेबी खाऊ घालण्याचाही प्रघात होता. त्या वेळेपुरते उखळ-मुसळ थांबे, पोरांना ढाळजेकडे पिटाळले जाई आणि सासुरवाशिणीही पितळेचा तांब्या टेकवताना आवाज होऊ नये म्हणून तो दोन्ही हातांनी जपून ठेवीत. लेपाचा आणि जिलेबीचा गुण किती, याविषयी वैद्य वाद घालोत. खरे औषध ती खोलीच होती, असे माझे मत आहे.

आवाजाने डोके उठते, हे प्राचीन वैद्यकाला अगदीच अज्ञात नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अकराव्या अध्यायात इंद्रियांचा विषयांशी होणारा अयोग्य संयोग हे रोगाचे एक मूळ कारण मानले असून, मेघांचा गडगडाट, नगाऱ्यांचा घोष आणि आरोळ्या यांचे अतिमात्र श्रवण हा कानांचा अतियोग म्हणून तेथे स्पष्ट सांगितला आहे. सतराव्या अध्यायात शिरोरोगांच्या कारणांत रात्रीच्या जागरणाबरोबर मोठ्याने बोलणेही येते. सुश्रुताने उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले, त्यांतला अर्धावभेदक तो हाच. अर्वाचीन मज्जाशास्त्राने त्यात महत्त्वाची भर घातली: तोच आवाज पुनःपुन्हा आला की सामान्य मेंदू त्याची दखल घेणे हळूहळू सोडतो, अर्धशिशीच्या माणसाचा मेंदू मात्र दुखणे उठलेले नसतानाही ही सवय लावून घेण्यात कमी पडतो, म्हणून हलगीचा दहावा ठोकाही त्याच्यावर पहिल्यासारखाच येऊन आदळतो. त्यातही आगाऊ सूचना न देता येणारा आवाज सर्वांत घातक, असे मला वाटते.

निजामी अमदानीत आवाज नव्हते असे नाही. गावात दवंडी फिरे, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत हलगी-संबळाने माळ दणाणून जाई, नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात नगारा झडे. परंतु या आवाजांना वेळा होत्या, तिथी होत्या; दुखणेकऱ्याला त्यांच्या आधी आतली खोली गाठता येत असे.

1992 च्या ऑक्टोबरपासून किल्लारीच्या परिसरात जो आवाज सुरू झाला, त्याला ना वेळ होती ना दिशा. भूकंपाच्या धक्क्यांबरोबर जमिनीच्या पोटातून गुरगुर उठे, भांडी वाजत, आणि भ्यालेली माणसे शेतात जाऊन निजत. महिने लोटले तशी ती पुन्हा घरात आली. 1993 च्या 30 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली असता, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सरकारी दफ्तराप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे दगावली. भिंतीचे दोन पदर एकमेकांना बांधणारे आडवे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. त्यामुळे पदर फुटून विलग झाले आणि छतावरची पिढ्यापिढ्यांची माती निजलेल्यांच्या अंगावर आली. ज्या जाडीने आवाज अडवला होता, तिनेच माणसे गाडली.

त्यानंतर माळवदाखाली निजण्याची कुणाची छाती झाली नाही, आणि या भयाला नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. वाचलेली माणसे पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, कारण पत्रा पडला तरी माणूस वाचतो. परंतु मृगाचा पाऊस त्या पत्र्यावर कोसळू लागला की आत शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसे, आणि ज्यांचे काळीज भांडे पडल्यानेही थरारत होते त्यांनी ते पावसाळे त्याच पत्र्याखाली काढले. पुढे 52 गावे नव्या जागी वसली. जमीनधारणेप्रमाणे 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरे मिळाली. ती भूकंपाला टिकतील अशी बांधली गेली, आणि हे श्रेय शासनाला व अभियंत्यांना निःसंशय दिले पाहिजे. परंतु 250 चौरस फुटांच्या घरात आतली खोली कोठून येणार? वस्ती आखताना रस्त्यांची रुंदी मोजली गेली, विजेच्या खांबांची जागा ठरली; दुखण्याच्या वेळी माणसाने जावे कोठे, हा प्रश्न कोणत्याही रकान्यात बसला नाही.

आवाज तर थांबलेच नाहीत. 2006 पासून नांदेड शहरात सूक्ष्म भूकंपांची मालिका सुरू झाली. हे धक्के अतिशय उथळ असल्याने त्यांच्या लहरी जमिनीतून हवेत शिरताना कानांना ऐकू येतात, आणि हलणे जाणवण्याआधीच स्फोटासारखा दणका होतो. 2023 च्या फेब्रुवारीत लातूर शहरात विवेकानंद चौकाच्या परिसरात असाच गूढ आवाज झाला. भूकंपाची नोंद कोठेही नसल्याचा खुलासा प्रशासनाने केला, पण त्या खुलाशाने किल्लारीची रात्र पाहिलेल्यांचे डोके दुखायचे राहते थोडेच!

किल्लारीनंतरच्या दुरुस्ती-मोहिमेत जुनी माळवदे वाचवण्याचा मार्गही दाखवला गेला होता: छतावरची माती उतरवून भार हलका करावा, भिंतीत आरपार दगड बसवावेत, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवावा. बहुतेकांनी तो न स्वीकारता शेजारी विटा-सिमेंटची नवी खोली बांधली. मार्ग शास्त्रशुद्ध होता आणि आजही खुला आहे. जिथे माळवद शाबूत आहे तिथे निदान बळदालगतची एक खोली अशी भक्कम करून राखावी. आणि जिथे ते उरलेले नाही तिथे नवे घर बांधणाऱ्याने गवंड्याला सांगून रस्त्यापासून सर्वांत दूर, जाड भिंतीची आणि लहान खिडकीची एक खोली नकाशात आधीच धरावी.