तबकडीवरील पाठभेद

जुन्या हस्तलिखिताचे वाचन करणाऱ्यास लेखनिकाच्या चुका गृहीत धराव्या लागतात. एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हापासून मराठी अभ्यासकाला हे भान आहे. लाखेच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत मात्र आपण इतके सावध नसतो. तबकडीवर सुई ठेवली की ऐकू येते ते सर्वस्वी गवयाचेच, असे मानून आपण अभिप्राय देऊन मोकळे होतो. आवाज किनरा होता, तंबोरा नव्हताच, उच्चार अस्पष्ट होते. यांतले गवयाचे किती आणि यंत्राचे किती, याची निवड केल्याविना त्या पिढीच्या गायनासंबंधी लिहिणे धाडसाचे होय.

ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रणास बसला, तेव्हा मेणाच्या जाड चकतीवर खाच कोरली जाई. ही चकती वाजवून पाहण्याची सोय नव्हती, कारण सुई फिरली की मेणावरची खाच बिघडे. चकत्या बोटीने जर्मनीतील हानोव्हरला जात, तेथे तबकड्या छापल्या जात आणि कित्येक महिन्यांनी त्या हिंदुस्थानात परत येत. चूक उघडकीस येई तोवर ध्वनिमुद्रक दुसऱ्या देशी गेलेला असे. गाण्याच्या अखेरीस कलावंताने स्वतःचे नाव मोठ्याने पुकारण्याची रीत होती. आज तिचे आपल्याला कौतुक वाटते, परंतु हानोव्हरच्या कारागिरांना तबकडी कोणाची हे कळावे, ही तिच्यामागची व्यवहारी गरज होती. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघाला आणि समुद्रप्रवास टळला. कर्णा मात्र पुढे वीस वर्षे तोच राहिला.

या कर्ण्याची शक्ती बेताची होती. सेकंदाला साधारण २०० ते २,००० कंपनांच्या पट्ट्यातले नाद तो बरे पकडी, त्याच्या खालचे व वरचे बहुतेक हरवत. बायाँचा घुमार आणि तंबोऱ्याच्या खर्जाचा भरणा खालच्या बाजूला वाहून गेला. वरच्या बाजूला जे गेले त्याचा फटका भाषेच्या अभ्यासकाला अधिक बसतो. 'स' आणि 'श' यांचे सीत्कार याच उंच कंपनांत राहतात. ते उमटले नाहीत, तर 'स'चा 'फ' ऐकू येतो आणि शब्दाचा अर्थच पालटतो. तबकडीवरून उतरवून घेतलेल्या चिजा व पदे कित्येकांच्या वह्यांत आहेत. त्यांतल्या एखाद्या न लागणाऱ्या शब्दाचे खापर गायिकेच्या उच्चारावर फोडण्यापूर्वी कर्ण्याची आठवण ठेवावी.

सर्वांत फसवा दोष गतीचा. मिनिटाला ७८ फेऱ्या हा आकडा आपल्या मनात पक्का बसला आहे. परंतु तो सर्वत्र रूढ होण्यापूर्वी ध्वनिमुद्रणाचे यंत्र टांगलेल्या वजनाच्या ओढीने फिरे आणि त्याची गती ध्वनिमुद्रक आपल्या अंदाजाने ठरवी. सत्तरीपासून ऐंशीच्या पलीकडे कोठेही ती असू शके. मिनिटाला सुमारे ७३.६ फेऱ्यांनी भरलेली तबकडी ७८ ने वाजविली, तर सूर बरोबर अर्धस्वराने चढतो. म्हणजे काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी सहामध्ये गाताना ऐकू येते आणि तीन मिनिटांचे गाणे दहा सेकंद आधी संपते. ताना वास्तवाहून चपळ वाटतात, आवाज बारीक होतो. अशा ताना ऐकून आपल्याकडे कित्येकांनी माना डोलावल्या असतील! गती ताडून पाहण्यास साथीची पेटी उपयोगी पडते. गवयाचा षड्ज पेटीच्या कोणत्यातरी पट्टीवर असणार हे धरले, तर दोन पट्ट्यांच्या मधली गती तरी बाद करता येते. पेट्याही सगळ्या एका मापाने लावलेल्या नसत, म्हणून हा निकष सांभाळूनच वापरावा. शेवटचा निवाडा जाणत्या कानाचा. स्वरांचे उच्चार लहान मुलासारखे येऊ लागले, की गती जास्त झाली असे समजावे.

तबकडीचे भोक मध्यबिंदूपासून थोडे सरकलेले असेल, तर दर फेरीला सूर वरखाली हेलकावतो आणि ठाम षड्जाला नसलेले आंदोलन चिकटते. खरखरीचे कारण निराळे. लाख आपल्याच देशातून जगभर जाई, परंतु तबकडीसाठी तीत दगडाची पूड व काजळी कालवीत. पोलादी सुई झिजून खाचेत नीट बसावी, हा त्यातला हेतू. त्या पुडीचेच कण आजही सुईखाली बोलतात.

ग्वाल्हेरकरांना या साऱ्याचे अगत्य वाटावे, याचे कारण रहिमतखाँ. हद्दूखाँचे हे चिरंजीव. हद्दूखाँचे शिष्य असलेल्या विष्णुपंत छत्र्यांनी त्यांना आपल्या सर्कशीबरोबर सांभाळले. १९२० च्या सुमारास, उतारवयात, त्यांच्या मोजक्या तबकड्या निघाल्या, त्याही कर्ण्यासमोर गाऊन. १९२२ मध्ये ते निवर्तले आणि विजेवरचे ध्वनिमुद्रण हिंदुस्थानात त्यानंतर काही वर्षांनी आले. ज्यांच्यावर रहिमतखाँच्या गायकीचा मोठा प्रभाव होता, त्या अब्दुल करीमखाँना मात्र दोन्ही युगे लाभली. त्यांच्या १९०५ च्या आणि १९३४ नंतरच्या तबकड्या ओळीने ऐकाव्यात. मधल्या काळात गवई बदलला हे खरेच, परंतु सुरांभोवती जी आस नव्याने दिसते तिचा मोठा भाग मायक्रोफोनचा आहे. रहिमतखाँच्या तबकड्या ऐकताना तेवढी भर कानांनी मनातल्या मनात घालावी लागते. दोघांची तुलना करणाऱ्या लेखांत ही सूट क्वचितच दिलेली आढळते.

आता या तबकड्यांच्या संगणकीय प्रती होत आहेत आणि त्यात नवे लेखनिक नव्या चुका करीत आहेत. खरखर पुसताना तंबोऱ्याची उरलीसुरली झणकारही पुसली जाते. ग्रंथालयांनी असा संग्रह करताना एक प्रत न धुतलेली ठेवावी, वाजविण्याची गती लिहून ठेवावी, आणि कागदी चकतीलगतच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला क्रमांक अवश्य उतरवून घ्यावा. चकतीवर छापलेले रागाचे नाव चुकलेले असू शकते. तो क्रमांक मूळ मेणाबरोबर आलेला असतो.